हात आणि हत्यार यांतले अंतर

आरोग्याच्या सदरात बंदुकीचे काय काम, असा प्रश्न आजचा लेख पाहून काही वाचकांच्या मनात येईल. या जागी आपण रक्तदाब, मधुमेह, मुलांचे लसीकरण, पावसाळ्यातील जुलाब अशा विषयांवर बोलतो. बंदूक हा विषय पोलिसांचा, कोर्टाचा. डॉक्टरचा संबंध फार तर गोळी बाहेर काढण्यापुरता आणि शवविच्छेदनाच्या अहवालापुरता, अशी आपली समजूत असते. ती पूर्णपणे बरोबर नाही. जे माणसाचा जीव घेते, जे मोजता येते आणि जे टाळता येते, ते सारे आरोग्यशास्त्राच्या कक्षेत येते. साप चावणे हा आजार नव्हे, तरीही तो आपण आरोग्याचा प्रश्न मानतोच ना? बंदुकीचेही तसेच आहे.

आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत. तिकडे शाळेत, दुकानात गोळीबार झाल्याची बातमी आली की इकडे आई-वडिलांच्या पोटात गोळा उठतो. माझ्याकडे रक्तदाबासाठी येणाऱ्या एका आजोबांनी मला विचारले होते, "डॉक्टर, एवढा शिकलेला देश, चंद्रावर माणूस पाठवला, मग यावर त्यांना औषध का सापडत नाही?" औषध शोधणारे डॉक्टर तिथे आहेत आणि गेली चाळीस वर्षे ते काम करीत आहेत. त्यांना काय सापडले, मध्ये काय आडवे आले आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे आज पाहू.

आधी आकडे

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे मेली. २०२३ साली हा आकडा ४६,७२८ होता. म्हणजे रोज सरासरी १२८ माणसे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार तिथल्या नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत. माणसांपेक्षा बंदुका जास्त! २०२० पासून तर १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे तिथले पहिल्या क्रमांकाचे कारण बंदूक हे आहे. मोटार अपघातही त्याखाली गेले.

पण या आकड्यांच्या पोटात आणखी एक आकडा आहे आणि तो बातम्यांत सहसा येत नाही. २०२३ च्या ४६,७२८ मृत्यूंपैकी सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. खून सुमारे १७,९००. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू कोणा माथेफिरूच्या हातून झालेले नाहीत. ते स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच हाताने झालेले आहेत. ज्या गोळीबारांच्या बातम्या सातासमुद्रापार आपल्यापर्यंत येतात, त्यांतील बळींची संख्या या एकूण आकड्यात अगदी थोडी असते. रोग कुठे आहे हे नीट कळल्याशिवाय उपचार करता येत नाही, हे वैद्यकाचे पहिले सूत्र. बंदुकीच्या बाबतीत ते सूत्र वापरायला डॉक्टरांनीच सुरुवात केली.

लग्नातले जेवण आणि बंदूक

लग्नाच्या जेवणानंतर शंभर माणसांना उलट्या-जुलाब झाले तर आरोग्य खात्याची माणसे काय करतात? ज्यांना त्रास झाला त्यांना विचारतात, तुम्ही काय काय खाल्ले? आणि ज्यांना त्रास झाला नाही त्यांनाही तेच विचारतात. आजारी पडलेल्या बहुतेकांनी बासुंदी खाल्ली आणि ठणठणीत राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी खाल्ली नाही, असे दिसले की संशय बासुंदीवर जातो. साथरोगशास्त्राची ही साधी रीत आहे.

आर्थर केलरमन नावाच्या तातडीच्या उपचार विभागातील डॉक्टरने हीच रीत बंदुकीला लावली. सिअ‍ॅटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तिथल्या १९७८ ते १९८३ या सहा वर्षांतील नोंदी त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह तपासल्या. ज्या घरात बंदूक होती त्याच घरात गोळीने झालेले ३९८ मृत्यू त्यांना सापडले. त्यांपैकी ३३३ आत्महत्या होत्या आणि १२ अपघात. स्वसंरक्षणासाठी गोळी झाडल्याने झालेले मृत्यू फक्त ९. घरात घुसू पाहणाऱ्या परक्या माणसाला गोळी लागून झालेले मृत्यू होते केवळ २. चोरापासून रक्षणासाठी आणलेली बंदूक चोरापेक्षा घरच्या माणसांवरच अधिक चालली होती. १९८६ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली. बंदुकीच्या नुसत्या धाकाने किती चोर पळाले, हे या आकड्यांतून कळत नाही, हेही त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

मग १९९३ मध्ये त्यांनी तीन काउंट्यांतील घरांत झालेल्या खुनांची पाहणी केली. खून झालेल्या प्रत्येक माणसाची तुलना त्याच परिसरातल्या, त्याच वयोगटातल्या दुसऱ्या माणसाशी केली. घरात भांडणे होत होती का, नशापाणी होते का, कोणी एकटे राहत होते का, हे सारे हिशेबात धरले. तरीही घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट अधिक दिसली. आणि मारणारा कोण? तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रकरणांत नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस.

आणखी एका अभ्यासाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतले सिअ‍ॅटल आणि कॅनडातले व्हँकुव्हर ही सरहद्दीच्या दोन बाजूंची, एकमेकांपासून दोनअडीचशे किलोमीटरवरची शहरे. लोकवस्ती, उत्पन्न, चोऱ्या-दरोडे बरेचसे सारखे. फरक एवढाच की व्हँकुव्हरमध्ये पिस्तूल मिळणे फार कठीण होते. १९८० ते १९८६ या सात वर्षांची तुलना केली तेव्हा मारामाऱ्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच दिसल्या, पण खुनाचे प्रमाण सिअ‍ॅटलमध्ये दीडपटीहून अधिक होते, आणि हा फरक जवळजवळ सारा पिस्तुलांमुळे होता. राग दोन्ही शहरांत सारखाच होता. रागाच्या वेळी हाताला काय लागते, यात फरक होता.

संशोधनालाच कुलूप

असे निष्कर्ष सर्वांना आवडतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ. बंदूक बाळगणाऱ्यांच्या संघटनेने या संशोधनाला विरोध केला. घरात बंदूक असणे आणि खून होणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे सिद्ध होत नाही, धोका आधीच जाणवल्यामुळेही लोक बंदूक घेत असतील, असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप शास्त्रात बसणारा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे आणखी चांगले संशोधन करणे. पण झाले उलटेच. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेत आर्कान्सा राज्याचे खासदार जे डिकी यांच्या पुढाकाराने अंदाजपत्रकात एक ओळ घालण्यात आली. रोगनियंत्रण केंद्राच्या इजा-प्रतिबंधाच्या पैशांतील कोणताही पैसा बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही, अशी ती ओळ होती. त्याचबरोबर बंदुकीवरील संशोधनावर केंद्राने जेवढी रक्कम आदल्या वर्षी खर्च केली होती, नेमकी तेवढीच, म्हणजे २६ लाख डॉलर, त्या कामातून काढून घेण्यात आली.

संशोधन करू नका असे त्या ओळीत कुठेही म्हटले नव्हते. पण सरकारी कचेरी कुठचीही असो, साहेबांना इशारा पुरतो. वीसेक वर्षे या विषयावरचे सरकारी संशोधन जवळजवळ ठप्प झाले. तरुण संशोधक दुसऱ्या विषयांकडे वळले.

या कथेला एक सुखद वळण आहे. ज्या केंद्राचे पैसे कापले गेले त्याच्या इजा-प्रतिबंध विभागाचे त्या वेळचे संचालक डॉ. मार्क रोझेनबर्ग आणि पैसे कापणारे डिकी हे पुढे चक्क एकमेकांचे स्नेही झाले. २०१२ मध्ये दोघांनी मिळून एका मोठ्या वृत्तपत्रात लेख लिहिला आणि बंदुकीच्या इजांवर शास्त्रीय संशोधन व्हायला हवे, असे सांगितले. डिकी २०१७ मध्ये वारले. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने या संशोधनासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर केले. जून २०२४ मध्ये त्या वेळचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचे संकट असल्याचे जाहीर केले. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या सरकारने तो सल्ला सरकारी संकेतस्थळावरून काढून टाकला. म्हणजे ही ओढाताण अजून संपलेली नाही.

मोटारींचा धडा

रोझेनबर्ग आणि डिकी यांनी आपल्या लेखात मोटार अपघातांचा दाखला दिला होता. तो समजून घेण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत रस्त्यावरचे मृत्यू वाढत होते आणि सारा दोष चालकाच्या बेफिकिरीला दिला जाई. विल्यम हॅडन नावाच्या डॉक्टरने हा विचार बदलला. १९६६ मध्ये रस्ते सुरक्षेचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय खात्याचे ते पहिले प्रमुख झाले. त्यांचे म्हणणे असे की, चूक माणूस करणारच. ती चूक जीवघेणी ठरू नये, अशी मोटार आणि असा रस्ता आपण का बनवू नये? मग सीटबेल्ट आले, दणका सोसणारे स्टिअरिंग आले, दुभाजक आले, दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध कडक कायदे आले. मोटारीवर बंदी कोणी घातली नाही. तरीही दर मैल प्रवासामागे होणारे मृत्यू तेव्हाच्या तुलनेत सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. माणसाचा स्वभाव बदलण्याची वाट न पाहता जीव वाचवता येतात, हा या गोष्टीचा सारांश.

कसोटीची पाच मिनिटे

आता आत्महत्यांकडे वळू. "ज्याला मरायचे आहे तो मरणारच, एक साधन नाही मिळाले तर दुसरे शोधेल," असे आपण सहज बोलून जातो. हा समज चुकीचा आहे आणि या चुकीच्या समजामुळे अनेक जीव जातात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

टेक्सासमधील ह्यूस्टन येथे, आत्महत्येच्या अतिशय गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या १३ ते ३४ वर्षांच्या १५३ व्यक्तींशी संशोधक बोलले. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मनात विचार पक्का होणे आणि कृती करणे यांत किती वेळ गेला, असे त्यांनी विचारले. जवळजवळ चारातल्या एकाने सांगितले, पाच मिनिटांपेक्षाही कमी! दुःख जुने असेल, पण तो कडेलोटाचा क्षण फार छोटा असतो. तो टळला तर पुढे काय होते, याचेही अभ्यास झाले आहेत. प्रयत्नातून वाचलेल्या दहा माणसांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ते जगतात, संसार करतात. पण हाताशी बंदूक असेल तर ही दुसरी संधी सहसा मिळतच नाही.

इस्रायलच्या सैन्याचे उदाहरण पाहा. तिथे तरुण सैनिक आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना आपली बंदूक बरोबर नेत. सुट्टीत होणाऱ्या आत्महत्या सैन्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आल्या. २००६ मध्ये नियम बदलला. घरी जाताना बंदूक छावणीतच ठेवायची. बाकी काही बदलले नाही. तेच तरुण, तेच ताण. तरीही आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवशी फारसा फरक पडला नाही. बंदूक घरी नसताना या तरुणांनी दुसरे साधन शोधले नाही, हे त्यातून दिसते.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २००९ मध्ये तिथे एका आठवड्याच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांत जीव दिला. दुकानदाराला हे कळल्यावर तो हादरला. त्यानंतर तिथले बंदूकविक्रेते आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र बसले. गिऱ्हाईक खचलेले दिसले तर काय करावे, विक्री कधी थांबवावी, याची माहिती देणारी पत्रके आणि भिंतीवर लावायचे फलक त्यांनी मिळून तयार केले. घरात कोणी निराश असेल तर तात्पुरती बंदूक मित्राकडे ठेवा, असे बंदूकप्रेमीच एकमेकांना सांगू लागले. दारू प्यालेल्या मित्राच्या हातातून आपण गाडीची किल्ली काढून घेतो, तसेच हे.

कुलूप, मोकळे प्लॉट आणि मध्यस्थ

मुलांच्या बाबतीत उपाय आणखी सोपा आहे. बंदूक कुलपात, तीही गोळ्या काढून, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की, यांपैकी प्रत्येक सवय असलेल्या घरांत मुलांकडून होणारे अपघात आणि मुलांच्या आत्महत्या यांचे प्रमाण बरेच कमी होते. मूल दुसऱ्यांच्या घरी खेळायला जाणार असेल तर "तुमच्या घरी बंदूक आहे का? ती कुलपात असते का?" असे स्पष्ट विचारावे, असे तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात. नातवंडे सांभाळायला सहा-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनी हे ध्यानात ठेवावे. असे विचारण्यात संकोच कसला? मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आपण सांगतोच ना?

वस्त्यांतील टोळीयुद्धांवरही डॉक्टरांनी उपाय शोधले. डॉ. गॅरी स्लटकिन यांनी आफ्रिकेत पटकी, एड्स यांसारख्या साथींशी झुंज दिली होती. १९९५ मध्ये ते शिकागोला परतले. गोळीबारांचे नकाशे पाहताना ते त्यांना साथीच्या नकाशांसारखेच वाटले. एक गोळीबार झाला की सूड म्हणून दुसरा, मग तिसरा, जसा एका घरातून दुसऱ्या घरात आजार जावा तसा. २००० साली त्यांनी तिथल्या एका वस्तीत त्याच भागातली, तरुण मुले ज्यांचे ऐकतील अशी माणसे नेमली. त्यांतील काही स्वतः एकेकाळी तुरुंगवास भोगून आलेली होती. भांडण पेटले की मध्ये पडायचे, राग निवेपर्यंत तरुणांना धरून ठेवायचे, हे त्यांचे काम. पुढे अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. काही वस्त्यांत गोळीबार स्पष्टपणे घटले, काही ठिकाणी फरक पडला नाही. गावातली जाणती माणसे पूर्वी बांधावरची भांडणे मिटवीत, त्याचीच ही शहरी तऱ्हा म्हणायची.

फिलाडेल्फिया शहरातला प्रयोग मला सर्वात आवडला. ओसाड, कचऱ्याने भरलेले ५४१ मोकळे प्लॉट संशोधकांनी निवडले आणि औषधाच्या चाचणीत करतात तशी चिठ्ठ्या टाकून त्यांची वाटणी केली. काही ठिकाणी कचरा काढून हिरवळ लावली, चार झाडे लावली, बुटके लाकडी कुंपण घातले. काही ठिकाणी फक्त सफाई केली. काही तसेच ठेवले. सुधारलेल्या प्लॉटभोवतीच्या गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ओसाड जागेत हत्यारे लपवता येतात, टोळकी जमतात. जागा स्वच्छ झाली की शेजारीपाजारी बाहेर बसू लागतात, मुले खेळतात. खर्च किती? थोडे गवत आणि चार झाडे.

कायद्याचाही वाटा आहेच. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारने काही प्रकारच्या बंदुकांवर बंदी घातली आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. त्यापूर्वीच्या १८ वर्षांत तिथे असे १३ सामूहिक गोळीबार झाले होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत एकही झाला नाही. बंदुकीने होणारे मृत्यू आधीपासूनच घटत होते, त्यांत कायद्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. शास्त्रात असे वाद असावेत. मात्र ते मोजणीच्या आधारे व्हावेत.

आपल्या घरातले हत्यार

वाचकहो, आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे हाही त्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, हे आपण पाहतोच. तापलेल्या दिवसांत हात आणि हत्यार यांच्यात अंतर ठेवायचे, हीच त्यामागची कल्पना. त्यामुळे माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात गोळी लागलेले रुग्ण मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले.

पण पाच मिनिटांत जीव घेणारी वस्तू आपल्या घरांत नाही असे नाही. पिकावर फवारायचे औषध कितीतरी शेतकऱ्यांच्या घरात फळीवर, खाटेखाली, गोठ्याच्या कोनाड्यात असते. नवरा-बायकोचे भांडण, परीक्षेचा निकाल, सावकाराचा तगादा, आणि हाताशी ती बाटली. रात्री-अपरात्री बैलगाडीतून, जीपमधून आणलेले असे किती रुग्ण मी पाहिले याची मोजदाद नाही. त्यांतील जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांनी शुद्धीवर आल्यावर एकच वाक्य सांगितले, "डॉक्टर, त्या वेळी काही सुचलेच नाही." त्यांतलाच एकजण आज आपल्या नातवाला लस टोचायला माझ्याकडे आणतो.

शेजारच्या श्रीलंकेने इथे वाट दाखवली आहे. १९९५ पासून त्या देशाने सर्वाधिक जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. या काळात सुमारे ९३,००० जीव वाचले असा संशोधकांचा अंदाज आहे. पिकांचे उत्पादन या बंदीमुळे घटलेले आढळले नाही. त्याच देशात १८० खेड्यांतील ५३,००० घरांमध्ये आणखी एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत घरोघर औषध ठेवायला कुलपाची पेटी दिली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला, की पेट्यांमुळे विषप्राशनाचे प्रमाण घटले नाही. किल्ली घरात, पेटीही घरात, मग अंतर कुठे राहिले? तमिळनाडूतील काही गावांत मात्र बँकेतल्या लॉकरसारखी गावाची सामाईक कोठी करून औषध घराबाहेर ठेवण्याचा प्रयोग झाला, आणि त्या छोट्या प्रयोगाचे निष्कर्ष आशादायक होते. म्हणून मी सांगेन, लहान मुलांसाठी कुलूप हवेच, पण मोठ्यांसाठी औषध घरात न ठेवणे हे सर्वात चांगले.

एवढे करा

१. फवारणीचे औषध लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच आणा. उरलेले घरात साठवू नका. रिकामे डबे धान्य-पाण्यासाठी वापरू नका.

२. गावातील सोसायटी, कृषी सेवा केंद्र किंवा ग्रामपंचायत यांनी सामाईक कोठीचा विचार करावा. हा विषय ग्रामसभेत मांडा.

३. परवान्याची बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा. काडतुसे वेगळ्या कुलपात. घरात कोणी खचलेले असेल किंवा दारूच्या आहारी गेले असेल, तर बंदूक काही काळ रीतसर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याची चौकशी करा.

४. घरातले माणूस गप्प गप्प राहू लागले, जेवण-झोप सुटली, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. "मनात जीवाचे काही येते का?" असे सरळ विचारा. विचारल्याने विचार मनात भरतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो.

५. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र केव्हाही फोन करा, मराठीत बोलता येते.

राग आला की शंभरपर्यंत आकडे मोज, असे आपल्याला लहानपणी सांगितले जाई. अमेरिकेतील, इस्रायलमधील, श्रीलंकेतील संशोधनाचे सार याहून फार वेगळे नाही. फक्त शंभर मोजून होईपर्यंत हाताला काही लागणार नाही, एवढी व्यवस्था घरातल्या शहाण्या माणसाने आधीच करून ठेवायची. आज संध्याकाळी दिवेलागणीला घरातली ती फळी, तो कोनाडा एकदा पाहून घ्या.